वीपिंग चेरीतून दरवर्षी सरळ फांदी का निघते, आणि ती कशी काढायची

अंगणातली वीपिंग चेरी, म्हणजे लोंबत्या फांद्यांची चेरी, फुलून गेली. गुलाबी पाकळ्या ड्राइव्हवेवर पडल्या, वाऱ्याने कुंपणाच्या कडेला गोळा झाल्या. बहर संपला असं म्हणेपर्यंत आठ-दहा दिवसांनी त्याच झाडाच्या माथ्यातून वर गेलेल्या दोन-तीन उभ्या फांद्यांना पांढरी फुलं आली. गेल्या वर्षी तुम्ही त्या कापल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षीही कापल्या होत्या. तेव्हा एक होती, यंदा तीन आहेत.

इथे न्यू जर्सीत एप्रिल लागला की ओळखीच्या घरांतून मला असे फोटो येऊ लागतात. प्रश्न साधारण तेच असतात: खत कमी पडलं का, शेजारच्या झाडाचे पराग लागून रंग बदलला का, यंदाचा हिवाळा बाधला का. यातलं काहीच झालेलं नसतं. तुमची चेरी हे कलम आहे आणि त्याचा खुंट, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं तो खालचा भाग, फुटला आहे. कोकणात ज्यांनी आंब्याची कलमं लावली आहेत त्यांना एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण वर्षानुवर्षं चुकीच्या जागी कात्री चालून चांगली झाडं हातची गेलेली मी पाहिली आहेत. त्यातलं पहिलं माझ्याच दारातलं होतं.

घर घेतलं तेव्हा पुढच्या अंगणात फिक्या गुलाबी फुलांची वीपिंग चेरी आधीपासून होती, जेमतेम माझ्या डोक्याच्या वर जाणारी. तिसऱ्या वसंतात तिच्या माथ्यातून एक फांदी सरळ वर गेली. मला आनंद झाला. वाटलं, झाड उंच होतंय. बागकामाला जी मंडळी यायची त्यांनीही ‘जोमदार आहे, राहू द्या’ म्हटलं. पाचव्या वर्षी ती फांदी मनगटाएवढी जाड झाली आणि तिच्या सावलीत लोंबत्या फांद्या विरळ होत काटक्यांसारख्या दिसू लागल्या. मग त्याच मंडळींनी झाडाला आकार द्यायचा म्हणून लोंबत्या फांद्या खालून गोल कातरल्या आणि सरळ फांदी अर्ध्यावर तोडली. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस तोडलेल्या टोकाखालून पाच फोक निघालेले होते, एकेक जवळपास माझ्या उंचीचा.

माझे मामा देवगडचे. त्यांनी आयुष्यभर हापूसची कलमं बांधली. चेरीचं झाड त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना फुलं, पानं, माथा, सगळं दाखवत होते, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच. ‘फोन खोडाकडे ने,’ म्हणाले. मग एकच प्रश्न विचारला: ‘फांदी खंयसून इली? जोडाच्या खालसून काय वरसून?’ जोड म्हणजे खुंट आणि वरचं झाड जिथे जुळतात ती जागा. ती कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं तसा मी तळवा खोडावर टेकवून खालून वर नेला. छातीच्या थोडं वर, साधारण पाच फुटांवर, हाताला फुगवटा लागला, मुठीएवढा. त्याच्या खालची साल गुळगुळीत, तांबूस, आडव्या रेघांची. वरची काळपट आणि खरबरीत. आणि ती मनगटाएवढी फांदी फुगवट्याच्या दोन बोटं खालून निघाली होती.

या एका प्रश्नावर सगळा उपाय अवलंबून आहे, म्हणून पुढचं वाचण्याआधी एकदा खोडावरून हात फिरवून या.

एका खोडात दोन झाडं

वीपिंग चेरी बहुतेकदा अशी तयार होते. नर्सरीत आधी खुंटाचं झाड चार ते सहा फूट सरळ वाढू देतात. खुंट म्हणून इथे बऱ्याचदा मॅझर्ड वापरतात, म्हणजे आपण खातो त्या गोड चेरीची रानटी झाडं. दांडा पुरेसा उंच झाला की त्याच्या डोक्यावर लोंबत्या वाणाच्या काड्या किंवा डोळे, म्हणजे जिथून फांदी फुटते ते अंकुर, बसवतात. म्हणजे मुळं आणि छातीपर्यंतचं खोड एका झाडाचं, वरची छत्री दुसऱ्याची. लोंबत्या वाणाला स्वतःच्या बळावर उंची गाठायची तर वर्षं लागतात आणि काठीला बांधून वाढवावं लागतं. उंच खुंटावर कलम केलं की दोन-तीन वर्षांत विकण्याजोगं झाड तयार होतं.

लोक फसतात ते इथेच. आंब्याच्या कोय कलमात जोड जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. खुंट फुटला तर फुटवा गुडघ्याखाली दिसतो आणि घरातलं पोरसुद्धा सांगतं की हा रायवळचा, म्हणजे खुंटाचा. गुलाबातही तसंच, जंगली फुटवा बुंध्यातून येतो. वीपिंग चेरीत जोड डोक्याच्या उंचीला असल्यामुळे खुंटाची फांदी थेट छत्रीच्या आतून वर येते आणि झाडाचीच वाटते. आंब्याचं ज्ञान असूनही मला ती ओळखू आली नाही याचं कारण हेच होतं. माझी नजर बुंध्याशी फुटवा शोधत होती.

खुंट रानातला आहे आणि त्याला मोठं व्हायचं आहे. मॅझर्ड मोकळ्या जागी १५-२० मीटर सहज जातो. झाडाच्या टोकाचा कोंब ऑक्झिन नावाचं द्रव्य खाली सोडत असतो आणि त्यामुळे खालचे डोळे निजून राहतात. लोंबत्या फांदीचं टोक जमिनीकडे वळलेलं असल्याने हा धाक सैल असतो. जोडाखालच्या सालीत खुंटाचे निजलेले डोळे वर्षानुवर्षं जिवंत असतात, संधी मिळाली की उठतात. एकदा उभा कोंब वर गेला की मुळांनी ओढलेलं पाणी आणि अन्न त्याच्याकडे आधी जातं, आणि खालची छत्री उपाशी राहू लागते.

लोंबत्या वाणात तरी नेमकं वेगळं काय असतं? त्याच्या फांद्या लांबीने भराभर वाढतात, पण स्वतःला उचलून धरणारं लाकूड त्यांच्यात तितक्या वेगाने भरत नाही. जपानमधल्या संशोधकांनी अशा फांद्यांना जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक देऊन पाहिलं तेव्हा त्या सरळ वाढल्या. लोंबणं हा त्या वाणाचा जन्मजात स्वभाव आहे. तुमच्या झाडाची लोंबती फांदी ‘पलटून’ सरळ झाली, असं जवळपास कधीच नसतं. सरळ आणि पांढरी दिसते ती दुसऱ्याच झाडाची फांदी असते.

मग कलम करतातच कशाला

कारण फुलांची चेरी जशीच्या तशी टिकवायची तर दुसरा मार्ग सहसा नाही. जपानी लोक लोंबत्या चेरीला शिदारे-झाकुरा म्हणतात. बी पेरूनही लोंबतं झाड मिळू शकतं: क्योटोच्या मारुयामा बागेतलं प्रसिद्ध झाड १९४७मध्ये वाळलं, तेव्हा त्याच्याच बियांपासून १९२८मध्ये वाढवलेलं रोप १९४९मध्ये त्या जागी लावलं, आणि आज लोक जे पाहायला जातात ते हेच दुसऱ्या पिढीचं झाड. पण बीचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. कुणी लोंबतं, कुणी सरळ, कुणाचं फूल फिकं. एकाच दिवशी एकाच रंगाने फुलणारी रांग हवी असेल तर कलमच लागतं. सोमेई-योशिनो ही जपानात सगळ्यात जास्त दिसणारी चेरी मुळात एकाच झाडाची कलमं आहे, म्हणून एका गावातली सगळी झाडं एकदम फुलतात. वॉशिंग्टनला १९१२मध्ये टोकियोहून आलेली ३,०२० झाडंही कलमंच होती.

ताई-हाकू या मोठ्या पांढऱ्या फुलांच्या वाणाची हकीकत मला फार जवळची वाटते. जपानात हा वाण नाहीसा झाला होता. कॉलिंगवूड इनग्रॅम या इंग्रज चेरीवेड्या माणसाला १९२३मध्ये ससेक्समधल्या एका बागेत त्याचं एक मरणपंथाला लागलेलं झाड सापडलं. त्याने त्याच्या काड्या घेऊन कलमं केली. पुढे जपानला काड्या पाठवायच्या तर त्या वाटेत सुकून जात. शेवटी त्याने काड्यांची टोकं बटाट्यात खोचली, आणि सायबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने त्या १९३२मध्ये जपानात जिवंत पोहोचल्या. आज जगभर जी ताई-हाकू झाडं आहेत ती त्या एका झाडाची. तेव्हा कलमात काही खोट आहे असं समजू नका. कलमाला फक्त एवढंच लागतं की मालकाला जोड ठाऊक असावा.

मोठ्या झाडावर जोड कसा दिसतो ते पाहायचं असेल तर एप्रिलमध्ये नूअर्कच्या ब्रँच ब्रुक पार्कला जा. १९२७मध्ये कॅरोलाइन बॅमबर्गर फुल्ड यांनी दिलेल्या दोन हजारांवर झाडांपासून ती राई सुरू झाली आणि आज तिथे ५,०००च्या वर चेरीची झाडं आहेत, वॉशिंग्टनपेक्षा जास्त. फुलांचे फोटो झाले की जुन्या खोडांकडे वळा. जिथे सालीचा पोत एकदम बदलतो, खोड अचानक जाड किंवा बारीक होतं, तो जोड. चार खोडं पाहिलीत की डोळा बसतो.

ही फांदी खुंटाचीच आहे ना?

कापण्याआधी खात्री करा, कारण याच ठिकाणी उलट चूकही होते. लोंबत्या वाणाच्या जोमदार कोवळ्या फांद्या आधी थोड्या वर जातात, मग वजन वाढलं की कमानीसारख्या वाकून खाली येतात. झाडाची उंची याच कमानींच्या थरांवरून चढत जाते. वर जाणारं दिसलं की कापलं, असं करत राहिलात तर छत्री कायमची बसकी राहील आणि माथा उघडा पडेल.

म्हणून फांदीच्या टोकाकडे पाहू नका. बोट फांदीवर ठेवा आणि तिच्या उगमापर्यंत उलटं जा. जोडाच्या खालून निघाली असेल तर खुंटाची, तिथे दुसरा विचार नाही. वरून निघाली असेल तर राहू द्या, एक उन्हाळा तिला वाकायला वेळ द्या. अगदी फुगवट्यावरच निघाली असेल तर संशय राहतो. तेव्हा पान पाहा. मॅझर्डचं पान रुंद, मऊ आणि मोठं असतं, सात ते चौदा सेंटिमीटर लांब, लांब देठावर लोंबकळणारं, आणि देठाच्या वरच्या टोकाशी दोन ठळक लालसर गाठी असतात, राईच्या दाण्यासारख्या. अशा गाठी इतर चेरींनाही असतात, तेव्हा नुसत्या गाठींवर जाऊ नका. फिक्या गुलाबी हिगन चेरीचं, म्हणजे बऱ्याच लोंबत्या चेरी ज्या जातीच्या असतात तिचं, पान त्यापेक्षा अरुंद, निमुळतं आणि आखूड देठाचं असतं. दोन्ही पानं तोडून तळहातावर शेजारी ठेवली की लहान मुलालाही फरक दिसतो.

फुलांचीही साक्ष काढता येते. हिगन चेरी पानं फुटण्याआधी फुलते. हिगन म्हणजे जपानी पंचांगातले विषुवदिनाच्या आसपासचे दिवस, त्यावरूनच हे नाव. मॅझर्ड मागाहून, पालवीबरोबर फुलतो, पांढऱ्या एकेरी फुलांचे लांब देठांचे झुबके येतात. मात्र तुमच्याकडे ‘स्नो फाउंटन्स’ असेल तर तीही पांढरीच लोंबती, तिथे रंगावरून काही कळणार नाही. काही झाडांचा खुंट मॅझर्ड नसून दुसऱ्याच चेरीचा असतो, तेव्हा वर दिलेली पानाची वर्णनंही जुळणार नाहीत. उगम मात्र कधी खोटं बोलत नाही.

दरवर्षी पुन्हा का येते

कापूनही परत येते, कारण बहुतेक वेळा ती कापलेली नसते, छाटलेली असते. दोन-चार इंचांचा खुंटारा ठेवून फांदी तोडली की त्या तुकड्यावर पाच-सहा डोळे शिल्लक राहतात. टोकाचा धाक गेलेला असतो, मग सगळे एकदम उठतात. एकीच्या तीन होतात त्या अशा. माझ्या झाडावर पाच फोक आले तेही असेच.

दुसरं कारण वरच्या छत्रीची वाताहत. लोंबत्या फांद्या कातरून वाटीसारखा आकार दिला की वरच्या झाडाची पानं कमी होतात, मुळांची ताकद तेवढीच राहते, आणि ती वाट शोधते. वीपिंग चेरीला आकार द्यायचा नसतो. वाळलेली, एकमेकींवर घासणारी फांदी असेल तर ती मुळापासून काढायची, बाकीच्यांना जमिनीपर्यंत येऊ द्यायचं. गवतकापणी करणाऱ्याला त्रास होतो म्हणून खालून सरळ रेषेत कापणं फार चालतं इथे, आणि मला दर वेळी वाईट वाटतं. जी झाडाची शोभा, तीच कापून टाकतात.

तिसरं, बुंध्याशी होणारी इजा. गवत कापायच्या यंत्राची दोरी खोडाला लागली, मुळावर कुदळ बसली, की तिथून फुटवे येतात. इथली आणखी एक वाईट सवय म्हणजे खोडाभोवती मल्चचा, म्हणजे सालीच्या तुकड्यांच्या आच्छादनाचा, डोंगर रचणं. दमट मल्चखाली साल कुजते, जीव घाबरा झालेलं झाड खालून फुटतं. मल्च दोन-तीन इंच पुरे आणि खोडापासून वीतभर लांब. खोड जमिनीत शिरताना जिथे रुंद होऊन मुळांत पसरतं ती जागा उघडी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर हाताने माती बाजूला करा, फावड्याने नको.

लॉनला टाकलेलं नत्र चेरीलाही पोहोचतं हे विसरू नका. भरपूर नत्राने फोकच फोक येतात.

काढायची कशी

कोवळा, हिरवा, बोटभर लांबीचा फुटवा असेल तर हत्यार लागतच नाही. अंगठा त्याच्या बुडाशी टेकवायचा आणि बाजूला, किंचित खाली, असा ढकलायचा. ताजी गवार मोडावी तसा तो टक्कन निघतो, आणि त्याच्याबरोबर बुडाचे बारीक डोळेही निघून येतात. कात्रीने कापलात तर हे डोळे मागे राहतात. म्हणून लहानपणीच हाताने काढणं हा सगळ्यात चांगला उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून जुलैपर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी जोडाखालच्या खोडावरून एकदा तळवा फिरवायचा. दोन मिनिटं लागतात.

पेन्सिलीएवढा किंवा अंगठ्याएवढा जाड झाला असेल तर धारदार सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घ्या. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक सुरकुतलेली कडा असते. त्या कडेच्या अगदी बाहेरून कापा: कडा जखमी करायची नाही आणि खुंटाराही ठेवायचा नाही. पाती आधी ७० टक्क्यांच्या अल्कोहोलने पुसून घ्या.

मुळांतून, लॉनमधूनच फुटवे येत असतील तर गवताच्या पातळीवर कापून काही होत नाही, पुढच्या वेळी दुप्पट येतात. माती उकरून फुटवा मुळाला जिथे चिकटला आहे तिथपर्यंत जा आणि ओढून, फाडून काढा. फाडलेली जखम ओबडधोबड दिसते, पण इथे तीच बरी.

वेळ महत्त्वाची आहे. कोवळे फुटवे कधीही काढा. कात्री किंवा करवत लागणार असेल तर बहर संपल्यावर, जून-जुलैत, दोन-चार कोरडे दिवस बघून कापा. पावसाळी थंड हवेत, विशेषतः पानगळीच्या सुमारास, चेरीच्या जखमांतून जिवाणूंमुळे होणारा कँकर हा सालीचा रोग आणि सिल्व्हर लीफची बुरशी आत शिरते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं, तिथली दमट हवा या दोन्ही रोगांना मानवते. जखमेवर रंग किंवा डांबर लावू नका, त्याखाली ओल अडकते. कापल्यावर थोडा डिंक येईल, बाभळीला येतो तसा. तेवढ्याने घाबरू नका.

फांदी आधीच जाड झाली असेल तर

पुन्हा एकदा सगळा माथा नीट पाहा. सरळ फांदी एकूण पानोऱ्याच्या पावभागापेक्षा कमी असेल तर एकाच उन्हाळ्यात पूर्ण काढता येते. करवतीने आधी खोडापासून फूटभरावर खालच्या बाजूने एक छेद द्या, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापा. वजन उतरलं की उरलेला तुकडा कडेशी नीट कापा. थेट वरून कापायला गेलात तर फांदी कोसळताना खोडाची साल पट्टीसारखी सोलत नेते, आणि ती पट्टी जोडावरून गेली तर वरचं झाडच संपतं.

पावभागापेक्षा जास्त असेल तर दोन-तीन वर्षांत काढा. पहिल्या वर्षी तिला एखाद्या लहान उपफांदीपर्यंत मागे आणा म्हणजे तिचा जोर आणि सावली दोन्ही कमी होतील. सावलीत वाढलेल्या लोंबत्या फांद्यांवर एकदम जुलैचं ऊन पडलं तर वरच्या अंगाची साल भाजते, म्हणून घाई नको. या काळात खालून येणारा प्रत्येक कोवळा फुटवा हाताने काढत राहा आणि कोरड्या आठवड्यात झाडाला सावकाश, खोल पाणी द्या.

फांदीची जाडी खोडाच्या निम्म्याहून जास्त असेल आणि ती जोडाला लागून असेल, तर हे काम स्वतः करू नका. प्रमाणित आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, बोलवा आणि त्याला कापण्याआधी जोड दाखवायला सांगा. त्याने लगेच बोट ठेवलं तर माणूस जाणता आहे.

एक गोष्ट कुणीही करू नये: फुटव्यांवर तणनाशक फवारणं. ग्लायफोसेट पानातून मुळात उतरतं, आणि मुळं दोघांची एकच आहेत. लॉनवर टाकायच्या तणनाशक मिसळलेल्या खतांतही असं द्रव्य असतं जे चेरीच्या मुळांना बाधतं. छत्रीच्या घेराखाली ते टाकू नका. फुटवे रोखणारी नॅप्थालीन ॲसिटिक ॲसिडची औषधं मिळतात, ती कापलेल्या जागेवर लावायची असतात. मी वापरलेली नाहीत, अंगठ्याने भागलं.

खुंट नसून दुसरंच काही

बुंध्याशी डिंकात भुशासारखा चुरा मिसळलेला दिसला तर तो पोखरणाऱ्या अळीचा उद्योग असतो, पीचट्री बोरर म्हणतात तिला. नुसता स्वच्छ डिंक वेगळा, भुसा मिसळलेला वेगळा. चिमटीत घेऊन चोळून बघा, कळतं. ओल्या वसंतात फुलं तपकिरी होऊन फांदीलाच चिकटून राहिली आणि टोकं वाळली तर ती मोनिलिनियाची बुरशी, वाळलेल्या फांद्या काढून अंगणाबाहेर टाका. या दोन्हींमुळे वरचं झाड कमजोर झालं की त्याच वर्षी खालून खुंट फुटतो, म्हणून फुटवे अचानक वाढले तर वरच्या भागाला काय झालं आहे तेही तपासा.

आणि लोंबता भाग पाव-तिसऱ्या हिश्शाएवढाच उरला असेल, त्याच्याही फांद्या वाळत असतील, तर ते झाड परत येत नाही. माझं असंच गेलं. मामांनी सांगितल्यावर मी खुंटाची फांदी एकदम मुळाशी कापली, आणि इतकी वर्षं सावलीत राहिलेली छत्री दोन उन्हाळ्यांत वाळली. तुमच्याकडे मोकळं परसदार असेल आणि विजेच्या तारा नसतील तर खुंटालाच झाड होऊ देता येतं, पण ते घराहून उंच होईल आणि पक्षी त्याच्या बिया आसपासच्या रानात नेतील, हे धरून चाला.

नवीन झाड घेताना नर्सरीत फुलांआधी जोड बघा. तो पूर्ण सांधलेला असावा, भेग नसावी, आणि त्याखाली जुने कापलेले खुंटारे जितके कमी तितकं चांगलं. त्याहून चांगलं म्हणजे जमिनीलगत कलम केलेलं आणि काठीला बांधून उंच केलेलं झाड विचारा. महाग पडतं आणि बारीक दिसतं, पण त्याचं सगळं खोड लोंबत्या वाणाचंच असतं. खुंट फुटला तरी बुंध्याशी फुटेल, आंब्यासारखा, आणि लगेच दिसेल. स्वतःच्या मुळांवर वाढवलेलं मिळालं तर मग हा प्रश्नच राहत नाही.

माझी दुसरी चेरी उंच कलमाचीच आहे, कारण हव्या त्या गुलाबीत तेवढीच मिळाली. तिच्या जोडावर मी लाल सुती नाडी सैल बांधून ठेवली आहे. छाटणीला कुणीही आलं तरी त्याला एवढंच सांगते की नाडीच्या वर हात लावायचा नाही आणि खाली काही ठेवायचं नाही. दर मार्चमध्ये ती नाडी सोडून पुन्हा बांधते, नाहीतर खोड जाड होतं तशी ती सालीत रुतते.